पाणीखात्यातून समुद्रावर

तीर्थस्वरूप दादांस,

बहिणीच्या नवऱ्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून आनंद झाला आणि उतरू देत नाही हे वाचून वाईट वाटलं. पण मग दादा, तुम्ही खाली उतरून हे पत्र पेटीत टाकलंत कसं, या विचारात मी आणि तुमची बहीण अख्खी संध्याकाळ होतो. (हिचं मत, वहिनींनीच टाकलं असणार. तुमच्या घरात जे काही पार पडतं ते वहिनीच पाडतात, असं हिचं एकंदरीतच मत आहे. माझं नाही. मी फक्त कळवतोय.) वहिनींची दाढ काढली ते बरं झालं. दुखणारी गोष्ट मुळापासून गेलेली बरी. इकडे सगळं ठीक आहे. हिचा रक्तदाब वेळच्या वेळी गोळी घेतल्याने आणि माझा वेळच्या वेळी गप्प बसल्याने ताब्यात असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. वर्तमानपत्रात छापलेला तो फोटो माझाच. डोळ्यावर आलेली टोपीही माझी. पुष्पगुच्छ मात्र माझा नव्हे. तो शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा होता आणि फोटो काढणाऱ्याने ‘जरा धरता का’ म्हणून माझ्या हातात दिला. खाली ‘युद्धनौकेचे कप्तान निवृत्त’ असं छापलंय, त्यातला ‘निवृत्त’ एवढाच शब्द बिनचूक आहे. तुम्ही लिहिलंत की, लग्न ठरवताना मुलगा पाणीखात्यात आहे असं सांगितलं होतं, मग हे आरमार मध्येच कुठून आलं? रास्त आहे. युद्धाच्या काळात तुम्ही नोकरीसाठी परमुलखात होतात, आणि परत आलात तेव्हा मी पुन्हा नळ आणि टाक्यांत बुडालेलो होतो. त्यामुळे नौदलाच्या राखीव दलात मी नेमकं काय केलं, हे तुम्हांला कुणी सांगितलंच नाही. चहा घेऊन बसा. उठायला गुडघा आडवा येणारच आहे, तेव्हा निवांत सांगतो.

मी दलात गेलो तो गळतीमुळे. बंदराजवळच्या एका जुन्या सरकारी इमारतीत भिंत ओली होते, अशी तक्रार आली होती आणि ती बघायला मला पाठवलं होतं. मी नुकताच निरीक्षक झालो होतो, लग्न व्हायचं होतं. शिपायाने मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि ‘साहेब बोलावतील’ म्हणाला. बाकावर आणखी पुष्कळ तरुण होते, सगळ्यांचे केस ताजे कापलेले. मला वाटलं, गळती मोठी दिसते. प्रत्येक खात्याचा माणूस आलाय. माझी पाळी आली. आत टेबलामागे तीन वयस्कर गृहस्थ होते. मधल्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“पाण्याशी संबंध?”

“रोजचाच,” मी म्हणालो.

“भीती वाटते?”

“पाण्याची नाही. दाब वाढला की वाटते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डावीकडचे ‘प्रामाणिक आहे’ असं पुटपुटले.

“खोल पाण्यात कधी उतरलात?”

“गेल्याच आठवड्यात. गळ्यापर्यंत.”

“कशासाठी?”

“झडप अडकली होती.”

“मग?”

“सोडवली.”

त्यांनी मला शर्ट काढायला सांगितला. गळती बघायला शर्ट कशाला काढायचा, हा प्रश्न मनात आला होता. पण वडीलधाऱ्यांना उलट विचारायचं नाही हे घरचं वळण. डॉक्टरांनी छाती ठोकली, जीभ पाहिली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मग मधल्या गृहस्थांनी उठून माझा हात हातात घेतला आणि राखीव दलात माझं स्वागत असो म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्या क्षणी ‘नाही’ म्हणता आलं असतं. (नाही म्हणणं मला जमत नाही हा भाग वेगळा. ही गोष्ट तुमच्या बहिणीला माझ्याआधी कळली.) पण त्यांच्या मागच्या भिंतीवर एक चित्र होतं. त्यात जहाज नव्हतं, पक्षी नव्हता, काही नव्हतं. नुसतं पाणी, आणि लांबवर एक सरळ रेघ. दादा, हे हसण्यावारी नेऊ नका. माझी नोकरी खाली बघण्याची होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी रस्त्यातली झाकणं उचलायचो आणि आत बघायचो. पाणी म्हणजे काळोखात वाहणारी, चुकून वर आली तर लोक शिव्या देतात अशी वस्तू, हेच मला ठाऊक. ते पाणी एवढं मोकळं, उजेडात पसरलेलं असू शकतं आणि त्याच्याकडे मान वर करून बघता येतं, याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. मी म्हटलं, “कधी हजर व्हायचं?” आणि मग आठवण झाली म्हणून भिंतही तपासली. वरच्या मजल्यावरचा नळ नीट बंद होत नव्हता, बाकी काही नाही.

शांततेच्या काळातलं राखीव दल म्हणजे दर रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात जमायचं. जहाज नव्हतं. खरी जहाजं खऱ्या नौदलाकडे होती आणि ते ती कुणाला हात लावू देत नसत. म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी फरशीवर खडूने जहाज आखलं होतं. नाळ, म्हणजे पुढचं टोक, व्यासपीठाकडे, पिछाडी दाराकडे, मधोमध इंजिनाची खोली. त्या खडूच्या रेषेबाहेर पाऊल पडलं की माणूस बुडाला असं धरायचं, आणि मग त्याने सबंध कवायत संपेपर्यंत भिंतीशी बुडालेल्या अवस्थेत उभं राहायचं. पहिल्या वर्षात मी इतक्यांदा बुडालो की भिंतीच्या त्या भागाला माझ्या पाठीचा आकार आला. सोमवारी शाळा भरायच्या आत झाडूवाल्या बाई ओलं फडकं फिरवून आमचं जहाज पुसून टाकत. पुढच्या रविवारी पुन्हा आखायचं, आणि दर वेळी ते थोडं वेगळं व्हायचं. एकदा शिडी इंजिनाच्या खोलीतून थेट समुद्रात उघडली. तरीही आम्ही नेमाने जात असू. वर्षातून एक पंधरवडा खऱ्या बोटीवर नेत. त्या पंधरवड्यात मी एवढंच शिकलो की खडूचं जहाज हलत नाही, ही त्याची फार मोठी गुणवत्ता आहे.

मग लग्न झालं. तुमच्या बहिणीला मी रविवारी कुठे जातो ते सांगितलं. तिने विचारलं, “पोहायला येतं?” मी म्हटलं, “थोडं.” ती म्हणाली, “मग खडूच्याच जहाजावर राहा.” वर्षभरात युद्ध सुरू झालं.

बोलावणं आलं तेव्हा हिने कपाट उघडलं. पेटी भरली, लोकरी स्वेटर तळाशी ठेवला, मग काढून वर ठेवला, मग पुन्हा तळाशी. मी म्हटलं, बंदराच्या तोंडाशी पहारा द्यायचाय, त्यात विशेष काही नाही. ती म्हणाली, विशेष नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवायला काय हरकत आहे? मी पेटीला कुलूप लावलं.

माझ्या ताब्यात जी बोट आली ती सहलीची होती. शांततेत ती लोकांना बंदराभोवती फिरवून आणत असे. तिचे गुलाबी बाक काढून तिच्या तशाच गुलाबी अंगाला करडा रंग फासला होता, पण रंग पातळ असल्यामुळे उन्हात ती आतून लाजल्यासारखी दिसे. ‘मुलांचे हात बाहेर काढू नयेत’ ही पाटी तशीच राहिली होती. पुढे एक तोफ बसवली होती. ती नुसती उजवीकडेच वळायची, त्यामुळे डावीकडचा शत्रू दिसला की सगळी बोट वळवून त्याला उजवीकडे घ्यावा लागे, आणि तोपर्यंत त्याने थांबावं अशी अपेक्षा होती. इंजिनवाला बोटीबरोबरच आला होता. आयुष्य इंजिनाशेजारी काढल्याने तो ठार बहिरा झाला होता. त्याच्या घोट्याला एक दोरी बांधून तिचं दुसरं टोक माझ्याकडे ठेवलं होतं. एक हिसका म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे, तीन म्हणजे थांब. स्वयंपाकाला एक सलूनवाला दिला होता. त्याच्या हातचं खाऊन पोट बिघडायचं, पण सगळ्या बंदरात आमच्याइतके नीट कापलेले केस कुणाचे नव्हते. बाकीचे चारदोन खलाशी, सगळे माझ्यासारखेच रविवारचे.

आणि मी? मी पहिला महिना कठड्यावर ओणवा होऊन काढला. हुकूम सोडायचा, ओकायचं, पुढचा हुकूम सोडायचा, असा माझा कारभार चाले. एकदा लांबून एक मोठं जहाज आलं. मी रुबाबात दिव्याने खुणा केल्या, ‘ओळख सांगा.’ तिकडून उत्तर आलं, ते आमच्या खलाशाने अक्षर अक्षर जुळवून वाचलं: ‘आधी तुमची शिडी वर घ्या. पाण्यात लोंबकळते आहे.’

बंदराचे प्रमुख हे खऱ्या नौदलाचे कॅप्टन. आम्ही त्यांना खासगीत ‘कडक इस्त्री’ म्हणत असू. त्यांचा पांढरा गणवेश उभा केला असता तर त्यांच्याशिवायही उभा राहिला असता. राखीव दलाच्या लोकांना ते पाण्यात पाहत (आम्ही पाण्यातच असल्याने त्यांना ते सोयीचंही होतं). एकदा मला म्हणाले, “तुम्ही एरवी काय करता?” मी सांगितलं, पाणीखात्यात असतो. ते म्हणाले, “मग तिथेच का नाही राहिलात?” मी म्हटलं, “सर, भिंत ओली होती.” त्यांनी आधीच सरळ असलेली टोपी आणखी सरळ केली आणि ते निघून गेले.

आता मुख्य गोष्ट. त्या सकाळी कडक इस्त्री आमच्या बोटीची तपासणी करायला येणार होते, म्हणून सलूनवाला बंबाचा पाइप लावून डेक धूत होता. बंदराच्या तोंडाशी हॉस्पिटलचं जहाज नांगरलेलं होतं, पांढरं, लांबलचक, जखमी माणसांनी भरलेलं. समुद्राला भरती चालू होती. कॅप्टन आले, पाटीपाशी थांबले, ‘मुलांचे हात’ एवढं वाचून पुढे झाले. तेवढ्यात आमच्या एका खलाशाने बोट दाखवलं. पाण्यावर काहीतरी काळं, गोल, शिंगं असलेलं डुलत येत होतं. मला आधी वाटलं, कुणाची तरी टाकी सुटली. (पाणीखात्याची सवय.) कॅप्टन हळू आवाजात म्हणाले, “पाणसुरुंग आहे.”

तो साखळी तोडून वाहत आला होता आणि भरतीबरोबर सरळ हॉस्पिटलच्या जहाजाकडे चालला होता. शिंगाला कशाचाही धक्का लागला की संपलं. तोफ चालवायची तर मागे जहाजच. बंदुकीने फोडायचा तर तो एव्हाना इतका जवळ गेला होता की जहाजाला भोक पडलंच असतं. नांगर उचलून जहाज हलवायला वेळ नव्हता. बांबूने ढकलायचं तर ढकलणाराचं काय उरेल, हे कुणी विचारलं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं, दादा. आजूबाजूला एवढा समुद्र असून जीभ टाळूला चिकटली. मला फक्त एकच सुचत होतं: दोरीला दोन हिसके द्यावेत आणि मागे, मागे, थेट घरी जावं.

सलूनवाला पाइप हातात धरून तोंड उघडं टाकून बघत होता. पाण्याची धार बोटीच्या बाहेर समुद्रात पडत होती, आणि तिथे त्यानेच टाकलेलं भोपळ्याचं साल तरंगत होतं. धारेने ते साल दूर दूर चाललं होतं. धार त्याला लागत नव्हती, त्याच्या अलीकडे पडत होती. पाणीच पाण्याला ढकलत होतं, आणि पाणी सालाला नेत होतं. मी ते बघितलं आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सलूनवाला नंतर सांगायचा की मी आयुष्यात पहिल्यांदा ‘कृपया’ न लावता हुकूम सोडला.

बोट शक्य तितकी आत घातली, जहाज आणि सुरुंग यांच्या मधल्या फटीत. मी आणि दोघं जण पाइपाला लटकलो. पण धार तोकडी पडत होती. पंपाचा जोर वाढवायला हवा होता, आणि पंप इंजिनवाल्याकडे. घोट्याच्या दोरीत ‘जोर वाढव’ला हिसकाच ठरलेला नव्हता! मी चार हिसके दिले. त्याला वाटलं असावं, वर कुणीतरी वेडं झालंय. त्याने इंजिन सरळ बंदच केलं. तेव्हा कडक इस्त्रींनी टोपी काढून माझ्या खलाशाच्या हातात दिली आणि स्वतः त्या चिंचोळ्या, तेलकट शिडीवरून खाली गेले. खाली काय झालं ते मला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं, कारण कॅप्टन ओरडत होते आणि इंजिनवाला शांतपणे ‘काय?’ म्हणत होता. शेवटी त्यांनी हाताने, गालाने, सबंध अंगाने धार कशी सुटते ते करून दाखवलं म्हणे. इंजिन सुरू झालं, पंप गुरगुरला, पाइप हातात अजगरासारखा फुगला आणि मी कठड्यावर आपटलो. कॅप्टन वर आले ते अर्धे काळे होऊन, आणि त्यांनी माझ्यामागे पाइप धरला.

“शिंगांना नको,” मी म्हणालो. “अलीकडे, पाण्यावर. आणि हिसके नकोत. हिसक्याने फुटतं. सावकाश.”

“तुम्ही सांगा,” ते म्हणाले.

मग आम्ही तो सुरुंग हाकायला लागलो. अगदी झोपलेल्या म्हशीला रस्त्यातून बाजूला घ्यावं तसं. तो हलायचा, थांबायचा, स्वतःभोवती फिरायचा, एखादं शिंग आमच्याकडे करायचा. धारेच्या रेट्याने आमची बोटच मागे सरकायची, म्हणून दोरीला एक हिसका, थोडं पुढे. पुन्हा एक हिसका. वर हॉस्पिटलच्या जहाजाच्या कठड्याला रुग्ण गोळा झाले होते. पळायला जागा नव्हती, आणि बऱ्याच जणांना पाय नव्हते. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते ओरडलेच, पण गाडी मागे घेताना रस्त्यावरचे लोक ओरडतात तसे. ‘डावीकडे! अजून! अरे डावीकडे!’ दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेला एक जण मानेनेच दिशा दाखवत होता. एकाने वरून विचारलं, “तुम्ही बंबवाले का?” सलूनवाला म्हणाला, “नाही, केस कापतो.” आणि ती माणसं हसली, दादा. सुरुंग त्यांच्या खाली, जेमतेम एका बोटीच्या अंतरावर होता, आणि ती हसली. ते हसणं ऐकल्यावर दोन हिसके देऊन घरी जायचा विचार माझ्या डोक्यातून गेला. हे असं का झालं ते मला आजतागायत सांगता येत नाही.

जहाजाची पिछाडी ओलांडली तसा पलीकडच्या प्रवाहाने त्याला आमच्याकडून घेतला आणि तो रेतीच्या बांधाकडे गेला. तिथे तो फुटला. आधी पाण्याचा खांब दिसला, मग आवाज आला. बंदरातल्या निम्म्या खिडक्या फुटल्या, त्यात कडक इस्त्रींच्या कचेरीच्या सगळ्या. मासे इतके वर आले की गावातली मांजरं पुढचा आठवडाभर चालायला कंटाळत. माझे हात पाइपावरून सुटेनात. सलूनवाल्याने एकेक बोट उलगडून ते सोडवले आणि वर म्हणाला, “साहेब, नखं वाढलीत.”

कॅप्टन भिजलेले, काळे, टोपीविना उभे होते. ते आता माझं काय करतील याचा मी अंदाज घेत होतो. ते जवळ आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “पाणीखात्यात आहात म्हणालात ना? आमच्या घरी तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही हो.”

मी सवडीने जाऊन बघून आलो. तळाची झडप अर्धवट बंद होती. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि सांगितलं की, त्या दिवशी घरी आल्यावर हे ओल्या कपड्यांनीच खुर्चीत बसले आणि जेवायलाही उठले नाहीत. मी म्हटलं, मीही. पुढे मला पदक मिळालं. त्यांच्या शिफारशीत सगळं नीट लिहिलेलं होतं, पण पदकं कोरणाऱ्या कुणाला तरी पाण्याची धार पटली नसावी. पदकाच्या मागे ‘अचूक नेमबाजीबद्दल’ असं कोरलं आहे. आमच्या तोफेतून सबंध युद्धात एकही गोळा सुटला नाही. (एकदा सुटला होता, तो स्वच्छ करताना, आणि तो उजवीकडे गेला.)

युद्ध संपलं. कामावर हजर झालो तर आमचे साहेब फायलीतून वर न बघता म्हणाले, “आलात? समुद्राची हवा मानवलेली दिसते. पूर्वेकडच्या टाकीला गळती आहे.” मी पाना घेऊन गेलो. मधली वर्षं जणू कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकली. रविवार मात्र सुटले नाहीत. शांततेत माणसाला बढती मिळते ती केवळ टिकून राहिल्याबद्दल. मी टिकून राहिलो, बाहीवर पट्ट्या वाढत गेल्या आणि नवे तरुण मला बघून टाचा जुळवायला लागले. कडक इस्त्रींची बदली झाली. इंजिनवाला म्हातारा होऊन झोपेतच गेला. त्याच्या मुलीने मला सांगितलं की, घरी तो पलंगावर पडून कधीकधी घोटा हलवायचा, कुणी खूण केली का ते बघायला. सलूनवाल्याने पुन्हा दुकान थाटलं. मी अजून त्याच्याकडेच केस कापतो. जे थोडे उरलेत ते.

आमची बोट परत सहलीवर गेली. गुलाबी बाक आले. एका रविवारी कवायत नव्हती, तेव्हा मी हिला घेऊन गेलो. आम्ही तिकीट काढून पुढच्या बाकावर बसलो, तोफ होती तिथे. बंदराच्या तोंडाशी बोट वळली तेव्हा मी बोट दाखवून म्हटलं, “तिथे.” हिने कठड्यावरून वाकून पाहिलं. मग म्हणाली, “एवढंच? मला वाटलं होतं, जागा मोठी असेल.” आणि माझी बाही घट्ट धरून बसली, ती उतरेपर्यंत सोडली नाही.

तर असं हे माझं आरमार. आता निवृत्त झालो, समारंभ झाला, फोटोही छापून आला. समुद्राचा आणि माझा हिशेब फिटला. बाहेर पुन्हा हवा बिघडत चालली आहे असं वर्तमानपत्रं म्हणतात, असेल. ते बघायला तरुण माणसं आहेत. माझी चप्पल, माझी खुर्ची, हिच्या हातचा चहा, यापलीकडे मला काही नको. तुम्ही आम्हां दोघांना राहायला बोलावलंत, त्याबद्दल फार बरं वाटलं. येतोच. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. – तुमच्या न्हाणीघरातला तो ठिबकणारा नळ मी येईपर्यंत कुणालाही उघडू देऊ नका. वॉशर मी घेऊन येतो.

ता. क. – दादा, येणं जमणार नाही. आता खरं ते लिहितो. राखीव दलाचे सध्याचे प्रमुख, माझ्या मुलाच्या वयाचे असतील, परवा घरी आले होते. बंदराच्या तोंडाशी पुन्हा पहारा बसवताहेत. भरती झालेली पोरं हुशार आहेत, पण त्यांनी खडूचंही जहाज पाहिलेलं नाही. शिकवायला वर्षभर येता का, म्हणाले. मी हो म्हणून बसलोय. पुढच्या शुक्रवारी हजर व्हायचं आहे. तुमच्या बहिणीला सांगायला मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा चहा मागितला. सुरुंगापुढे उभा राहिलो, पण हे जमत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुमचं ती ऐकते. मेहेरबानी करून तेवढं तिच्या कानावर घाला. पत्राने नको, फोन करा आणि आधी इकडचं तिकडचं बोला.

*

दादा,

पाकीट चिकटवायला आणि टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं. चिकटवून मग द्यायचं असतं, हे एवढ्या वर्षांत कळलेलं नाही. वाचलं. मला सांगायची तसदी घेऊ नकोस. तो मुलगा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि आमचं स्वयंपाकघर काही समुद्रापलीकडे नाही.

गेल्या वेळी मी मागे राहिले. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं काम थांबायचं. कोणाचं पाऊल, ते कळेपर्यंत पुन्हा सुरू होत नसे. ते यांना कधी सांगितलं नाही, तुलाही नाही. पुन्हा तसं राहायचं नाही, एवढं ठरवलं होतं. त्या मुलाला खाली पोचवायला गेले तेव्हा जिन्यातच विचारलं, बायकांना घेता का? तो म्हणाला, काय येतं? मी म्हटलं, टेलिफोन खात्यात फोन जोडून द्यायच्या बोर्डावर आयुष्य गेलं. दहा जण एकदम ओरडत असले तरी अकराव्याचं मला नीट ऐकू येतं. त्याने तिथल्या तिथे घेतलं. बंदराच्या नियंत्रणकक्षात टेलिफोन आणि बिनतारी यंत्र सांभाळायचं. कुठल्या बोटीने आत यायचं आणि कुठलीने बाहेर थांबायचं ते तिथून सांगतात. यांच्या बोटीलाही. मला सोमवारीच हजर व्हायचंय, यांच्या आधी.

यांना अजून माहीत नाही. मी सांगितलं तर दचकतील. तू थोरला आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. जरा सांभाळून तूच कळव. फक्त फोन करू नकोस. फोन आमच्याकडे मीच उचलते.